सुकडीची पहिली रांग

मी जाड होते. दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये होतो तोवर हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिथं माझ्यासारखी दोघं-तिघं होतीच. मग वडिलांची बदली झाली आणि बहात्तरच्या दुष्काळात मला शिरूरकडच्या एका खेड्यात मामाकडं ठेवलं. तिथल्या शाळेत जाड अशी मी एकटीच. पोरं म्हणायची, "ही बघा, दुष्काळ गिळून बसलीया!" अहो, मामी मला तिच्या पोरांइतकीच भाकरी वाढायची. पण सांगणार कुणाला?

आमच्या बाई तेवढ्या कधी चिडवायच्या नाहीत. माझा त्यांच्यावर फार जीव. त्या सव्वीस जानेवारीची लेझीम बसवत होत्या, आणि मला त्यात खेळायचं होतं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं. एकदा त्या ओळीत उभी राहिले की सगळ्यांची तोंडं बंद होणार, असं मी धरून चालले होते.

शाळेत दुपारी सुकडी मिळायची, तांबूस गोडसर भरडा. ती पोरांच्या अंगी लागते का, हे बघायला तालुक्याहून साहेब यायचे होते. बाईंनी मला जवळ घेतलं. "तू वाटी घेऊन पहिल्या रांगेत बस. साहेबांना बरं वाटेल. मग लेझमीत तुझी जागा पक्की." साहेब आले त्या दिवशी बरगड्या दिसणारी पोरं मागच्या खोलीत बसवली आणि बाहेरून कडी घातली. साहेबांनी माझा गालगुच्चा घेतला. "वा! सुकडी मानवली की हिला!" मला आभाळ ठेंगणं झालं. मागच्या खोलीची मला आठवणसुद्धा राहिली नाही.

जानेवारीत बाईंनी लेझमीची नावं वाचली. माझं नव्हतं. मी बाईंच्या मागं पळाले. "बाई, तुम्ही कबूल केलं होतं."

त्या हसल्या. "अगं, ओळीत तू एकटीच दिसतेस. सगळी ओळ बिघडते."

त्या दिवशी दिसायला मीच हवी होते ना? असला संताप आला! झेंडावंदनाला मी लेझीमवाल्या मुलींच्या चपला राखत बसले.

फेब्रुवारीत साहेब परत आले. परत तीच वाटी, तीच पहिली रांग, मागं तीच कडी. साहेबांनी मलाच विचारलं, "रोज पोटभर मिळते ना गं?"

मी उभी राहिले. "मला विचारू नका साहेब. मी दौंडहून येतानाच अशी होते. सुकडीवर जगणारी पोरं तिकडं कोंडलीत."

साहेबांनी स्वतः जाऊन कडी काढली. पोरं डोळे चोळत बाहेर आली.

साहेबांची जीप गेल्यावर बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी. "तुझ्यावर किती विश्वास टाकला होता मी. असा दगा दिलास?"

मी! मी दगा दिला! आणि खरं सांगते, तेव्हासुद्धा मला वाटत होतं, की आता त्या मला जवळ घेतील.