नकाशात नसलेलं तळं
मी नकाशे तपासते त्या ऑफिसात अमोनिया प्रिंटची, म्हणजे छापील नकाशाची, गुंडाळी उघडली की तो उग्र वास नाकात जातो आणि मला काकतीजवळच्या आमच्या गावचं देऊळ आठवतं. मी सातवीत होते, उन्हाळ्याच्या सुट्टीला गावी गेले होते. गावाबाहेरच्या जमिनीवर घरं आणि दुकानं बांधायची होती, म्हणून गावाची हरकत नाही अशी सही घ्यायला एक साहेब आले होते. त्यांनी देवळाच्या गार फरशीवर नकाशा पसरला. कागद सगळा फिकट निळा होता, आणि त्याला हाच वास होता. "बघा, आमचं तळं केवढं दावलंय!" पंच असलेले माझे चुलते, आप्पा, खूश होऊन म्हणाले आणि सहीसाठी त्यांनी पेन उघडलं. मी त्यांच्या मागं बसून इंग्रजी अक्षरं वाचत होते. तळ्याच्या जागी इंग्रजीत 'पडीक खड्डा' अशा अर्थाचं लिहून त्यावर दुकानांची रांग आखली होती. मी आप्पांच्या कानाशी लागले. "मोठ्यानं बोल की गं, इंग्लिश साळंत शिकतीस न्हवं?" आप्पा म्हणाले. सगळे हसले. "तळं न्हाय ह्यात," मी हळूच म्हणाले, "कागदच निळा हाय." हसणं थांबलं. साहेब म्हणाले, "आम्ही पाहिलं तेव्हा तिथं पाणी नव्हतं." आप्पांनी पेन मिटलं. "उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकतोय आम्ही, सायेब. पाणी मिरगाला येतंय." साहेबांनी खिशातली पेन्सिल माझ्यापुढं धरली. मी दुकानांवरून एक वाकडं वर्तुळ काढलं. ते तळं अजून आहे. आजही नवा नकाशा आला की मी आधी त्यात पाणी शोधते, आणि सापडलं नाही तर तितक्याच हळू आवाजात, पण सांगते.