पदकाची मागची बाजू

परवा थेरगावात धातूला चकाकी आणणाऱ्या एका बफिंगच्या दुकानावरून जाताना चाकावर तापलेल्या मेणाचा वास आला आणि पाय थबकले. तीस वर्षांपूर्वी चिंचवडच्या कंपनीत मी बफिंगवरच होतो. त्या वासासरशी चाचांचं पदक आठवलं.

चाचा म्हणजे कंपनीसमोरच्या चहाच्या हॉटेलचे इराणी मालक. त्यांच्या आजोबांना इराणच्या शाही फौजेत मिळालेलं चांदीचं पदक त्यांनी जपलं होतं. त्यावर सिंह आणि त्याच्या पाठीमागून उगवणारा सूर्य. "पिन तुटलीय, तेवढी जोडून दे," म्हणाले.

पिन जोडली. पण काळपट माल हातावेगळा करणं आमच्या खात्यात कमीपणाचं. म्हणून पदक चाकावर धरलं, दोन्ही बाजूंनी आरशासारखं केलं आणि ऐटीत त्यांच्या हातावर ठेवलं.

त्यांनी ते उलटं केलं. मागच्या गुळगुळीत चांदीवरून कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिले.

"इथे आजोबांनी खिळ्यानं स्वतःचं नाव कोरलं होतं."

"मला ओरखडे वाटले, चाचा."

ते रागावले नाहीत. माझ्यासाठी चहा मागवला. निघताना मात्र पदक माझ्याच खिशात घातलं. "तूच ठेव. आता यात आमचं काही उरलं नाही."

तेव्हापासून मी जुनी इराणी पदकं जमवतो, मोडलेली जोडतो, पण त्यांच्या काळेपणाला हात लावत नाही. माझं कपाट बघायला येणारा प्रत्येकजण आधी त्या एकाच पदकाकडे बोट दाखवतो. सगळ्यांत चकचकीत तेच आहे.