वांग्यावरची टिकली

भाईंदर पश्चिमेच्या बाजारात मंदाच्या टोपलीत किडा दिसला की नवं गिऱ्हाईक नाक मुरडायचं आणि जुनं गिऱ्हाईक निमूट पिशवी उघडायचं. चवळीच्या शेंगांवर एखादी लाल, गोल, पाठीवर काळ्या खुणा असलेली टिकली आरामात फिरत असायची. बाकी जग तिला लेडीबर्ड म्हणतं, शेतीखात्याची माणसं ढालकिडा म्हणतात. मंदाच्या घरात टिकलीच म्हणायचे. "अरे मौसी, इसमें तो कीड़ा है!" असं कुणी किंचाळलं की मंदा ती टिकली बोटावर चढवून किंचाळणारीच्या नाकासमोर धरायची. "है ना? चलता है ना? दवा मारा होता तो चलता क्या?" पुढे बोलायची गरज पडत नसे. बाजारात लोक तराजूवर संशय घेतात, पण मंदाच्या किड्यावर बावीस वर्षांत कुणी घेतला नव्हता.

ही युक्ती तिने धंद्यासाठी शोधली नव्हती. रोह्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन ती चेण्याला आली तेव्हा नवरा, बाबाजी, दुसऱ्यांच्या मळ्यांत आणि बागांत औषध फवारायला जायचा. पाठीवर पंप, अंगात बनियन आणि तोंडाला असलंच तर एक फडकं. एका दुपारी तो घरी आला तो भिंत धरूनच. तोंडातून लाळ थांबत नव्हती आणि डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तो गेला. मंदाने त्याचा पंप गोणपाटात गुंडाळला, वर सुतळीच्या तीन गाठी मारल्या आणि घरच्या मळ्यातल्या खोपीच्या आढ्याला टांगून ठेवला. तिने तो विकला नाही, कारण विकला असता तर दुसऱ्या कुणाच्या तरी पाठीवर गेला असता.

पहिल्या वर्षी औषधाविना लावलेल्या चवळीवर मावा पडला, रस शोषणारी बारीक कीड. शेंगांवर कुणी काळे तीळ थापावेत तसा. मंदा बांधावर बसून बाबाजीला, नशिबाला आणि चेण्याच्या सगळ्या देवांना शिव्या घालत होती. आठवड्याभरात टिकल्या आल्या. कुठून आल्या ते तिला कधीच कळलं नाही, पण त्या आल्या आणि जेवायला बसल्या. तेव्हापासून मंदाला पानं उलटायची सवय लागली. पानामागे उभी ठेवलेली पिवळी अंडी, एका जागी वीस-पंचवीस. त्यांतून निघणाऱ्या काळ्या, काटेरी, नारिंगी ठिपक्यांच्या अळ्या इतक्या कुरूप, की अडाणी माणूस त्यांनाच रोग समजून चिरडतो. त्या दिवसभर मावा खातात आणि मावा संपला तर एकमेकींनाही सोडत नाहीत. मग पानाला चिकटून गप्प बसतात. चार-पाच दिवसांनी कोषातून टिकली निघते ती फिकट पिवळी, खुणांशिवाय. खुणा हळूहळू उमटतात. चिमटीत धरली तर गुडघ्यांतून कडू वासाचं पिवळं पाणी सोडते, ते बोटावरून दोन दिवस जात नाही. मंदाला सात ठिपक्यांची ओळखू यायची, पाठीवर नागमोडी रेघा असलेली ओळखू यायची. चवळीवर जास्त करून नागमोडीच.

आणि तिला तिसरीही ओळखू यायची. दिसायला त्याच घराण्यातली, पण रंग विटकरी, अंगावर बारीक लव, चकाकी नावाला नाही आणि पाठीवर ठिपक्यांची नुसती गर्दी. मंदाने एकदा मोजले तर अठ्ठावीस भरले. ही मावा खात नाही. ही पान खाते. वांग्याचं, टोमॅटोचं, बांधावरच्या रानवांग्याचं. शिरा तेवढ्या ठेवून मधलं हिरवं खरवडून काढते, पानाची चाळण करते. चवळीवर तिचं काहीच काम नसतं, म्हणून तिथे ती दिसतही नाही. मंदा तिला हाताने वेचून दूर टाकायची आणि कामाला लागायची.

यंदा संक्रांतीच्या आधीच हवा ढगाळली. आठवडाभर ऊन नाही, चवळीवर मावा चढला आणि मुंग्या त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यावर रांगा लावून राखणीला बसल्या. टिकल्या होत्या, पण थोड्या. मंदाचा मुलगा नीलेश शेंगा हातात घेऊन तिच्यासमोर उभा राहिला. त्याने मीरा रोडच्या एका केटररला रोजचा माल द्यायचं कबूल केलं होतं आणि केटररला डाग चालत नव्हता.

"आये, धा दिवस थांबायचं? तो मानूस दुसरा बघंल."

"बघू दे. टिकल्या वाढतायत. अंडी हायत पानांमागं."

"तू किडं पोसतेस का मानसं?"

मंदाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि मग खोपीच्या आढ्याकडे पाहिलं. नीलेश गप्प झाला. तो गप्प बसला म्हणजे त्याला पटलं, असं तिने धरलं. आईला लेकाचं सगळं कळतं असं म्हणतात, पण निम्मं ती आपल्या सोयीने कळवून घेते.

चार दिवसांनी मंदाच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर माती नाही, धूळ नाही, वाकायचं नाही, चष्मा लागेल तो नंतर. मळा नीलेशने अंगावर घेतला. आठवड्याने मंदा काळा चष्मा लावून पुन्हा बाजारात बसू लागली. नीलेश पहाटे टोपल्या भरायचा आणि टेम्पोने तिला सोडायचा. तिला सगळं धुक्यातल्यासारखं दिसे. शेंगा हिरव्या, टिकली लाल, एवढंच. पण शेंगा हाताला गुळगुळीत लागत होत्या. मावा गेला होता. "बघ, केलंन की न्हाय टिकल्यांनी काम?" ती अभिमानाने म्हणाली, आणि नीलेशने मान हलवली.

त्याची बोटं पिवळी दिसायची. हळदीची असतील, तिला वाटलं. त्याच्या खिशात काड्यापेटी असायची, पण आतून काडीचा आवाज येत नसे. बिडी लागली असेल, एवढंच ती मनात म्हणाली. आणि एक गोष्ट तर तिला आवडलीच होती: घरची भाजी तो वेगळी आणायला लागला होता. सून मनाली सांगायची, "विहिरीकडच्या सरीतली आणतात, म्हणतात घरासाठी हीच घ्यायची." घरच्यांसाठी उत्तम ते बाजूला काढतोय, बापासारखा कोरडा नाही, म्हणून मंदाचा ऊर भरून आला होता.

याच दिवसांत मनोरमाबाईंची मुलगी क्षितिजा बाळंतपणासाठी माहेरी आली. मनोरमाबाई स्टेशनजवळच्या सोसायटीत राहत आणि चौदा वर्षं मंदाकडूनच भाजी घेत. क्षितिजाला सातवा होता. आधीचं एक पाचव्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे यावेळी घरात सगळे पावलं जपून टाकत होते. डोहाळे मात्र काय लागावेत, तर कोवळ्या चवळीच्या शेंगांचे, कच्च्याच.

"बाहेरचं काही खाऊ देत नाही मी तिला," मनोरमाबाई रोज पिशवी पुढे करत म्हणायच्या. "फक्त तुझ्या शेंगा. तेवढ्यावरच माझा भरवसा आहे."

"खाऊ द्या वहिनी. पदराला पुसून खाल्ल्या तरी चालतंय. टिकली हाय ना वर?" मंदा म्हणायची, आणि टिकलीसकट मूठभर शेंगा जास्त घालायची.

चष्मा आला तो शुक्रवारी. दुकानदाराने बाजारातच आणून दिला. मंदाने काळा चष्मा काढून नवा चढवला आणि जग एकदम जवळ आलं. समोरच्या मासळीवालीच्या नाकातली चमकी, आपल्याच हातावरच्या शिरा. मनोरमाबाई नुकत्याच शेंगा घेऊन गेल्या होत्या. टोपलीत अजून एक टिकली चालत होती. इतक्या दिवसांनी नीट बघावी म्हणून मंदाने ती बोटावर घेतली.

टिकली विटकरी होती. अंगावर लव होती. पाठीवर ठिपक्यांची गर्दी होती.

ही वांग्यावरची. ही चवळीवर आली कशी? आपल्या पायांनी ती येणार नाही. कुणीतरी आणून ठेवली तरच येईल. मग एकामागून एक सगळं जागेवर बसत गेलं. पिवळी बोटं. काड्यापेटी. चवळीवरच्या टिकल्या मेल्या, म्हणून बांधावरच्या रानवांग्यावरून या वेचून आणल्या. लेकाला टिकली म्हणजे टिकली एवढंच ठाऊक. तो कधी पान उलटून बघायला बसलाच नव्हता. गुळगुळीत शेंगांवर मुंगीसुद्धा नव्हती. आणि घरची भाजी विहिरीकडची. तो सगळं जाणून होता.

तिने नीलेशला फोन लावला. "खोपीतला पंप कुठं हाय?"

"आये, थोडंच मारलंय. धुतलं की जातंय."

टोपली तशीच टाकून मंदा निघाली. वाकायचं नाही, धावायचं नाही, हे डॉक्टरांचं सांगणं स्टेशनच्या वाटेवर कुठेतरी मागे राहिलं. सोसायटीची लिफ्ट वरच कुठेतरी अडकलेली होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत ती कठड्याला धरून चढली आणि बेल दाबूनच उभी राहिली.

दार क्षितिजानेच उघडलं. तिच्या हातात अर्धी शेंग होती.

"मंदामावशी, तुम्ही? आई अंघोळीला गेलीय. या ना. आजच्या शेंगा एकदम कोवळ्या आहेत हं."

मंदाने ती शेंग तिच्या हातातून हिसकून घेतली. क्षितिजा दचकली, मग हसली. तिला वाटलं, मावशी थट्टा करतेय.

"अहो, मी नीट बघून खाते. आधी टिकली शोधते, ती चालताना दिसली की मगच तोंडात टाकते. तुम्हीच शिकवलंत ना आईला? आणि एकही मारली नाही मी. दाखवू?"

तिने मंदाला खिडकीशी नेलं. कुंडीत टोमॅटोचं रोप होतं. त्याच्या पानांची चाळण झाली होती, नुसत्या शिरा उरल्या होत्या. त्या शिरांवर विटकरी टिकल्या बसल्या होत्या. रोज एक, असं क्षितिजाने त्यांना आणून सोडलं होतं. मंदाने मोजल्या. नऊ. नागमोडी रेघांची त्यांत एकही नव्हती.

"झाडाला काय झालंय कळत नाही," क्षितिजा म्हणाली. "मावा तर नव्हता." तिने पदराने ओठ पुसले, आणि पुन्हा पुसले. "कालपासून तोंडाला नुसतं पाणी सुटतंय बघा. आई म्हणते, होतं असं सातव्यात."

मंदाने तिची हनुवटी धरून चेहरा वर केला. नव्या चष्म्यातून तिला क्षितिजाचे डोळे अगदी स्पष्ट दिसले. बाहुल्या बारीक होत्या. खिडकीचा उजेड आहे म्हणून असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. मग तिने पडदा ओढला आणि पुन्हा पाहिलं.

"चपला घाल," ती म्हणाली. "दवाखान्यात चल. आत्ता."

"काय झालं?"

"माझ्या लेकानं औषध मारलंय शेंगांवर. मला ठाव नव्हतं, पोरी. ह्या टिकल्या आपल्या न्हाईत. ह्या आणून ठेवल्यात." तोवर मनोरमाबाई ओल्या केसांनी बाहेर आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या आणि चौदा वर्षांत कधी पाहिलं नव्हतं तसं मंदाकडे पाहत राहिल्या. तिला वाटलं, त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

क्षितिजाला मात्र अजून कशाचा तरी आधार हवा होता. तिने एका हाताने पोट धरलं आणि दुसऱ्या हाताने मंदाचं मनगट.

"पण मावशी, तुमच्या घरीसुद्धा सगळे ह्याच शेंगा खातात ना? त्यांना तर काही झालं नाही ना?"

मंदाला हो म्हणता आलं असतं. रिक्षात बसेपर्यंत तरी ती पोर घाबरली नसती. तिने कुंडीतल्या त्या नऊ टिकल्यांकडे पाहिलं. त्या उरलेल्या शिरांवरून शांतपणे चालत होत्या.

"न्हाय," मंदा म्हणाली. "आमच्यासाठी तो वेगळ्या आणतो."