धुराच्या पिंपातलं मोठ्याचं

आमच्याकडे रविवारी मोठ्याचं मटण शिजायचं. मोठ्याचं म्हणजे बैलाचं. बकऱ्याचं परवडायचं नाही. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात हमाल, आई दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला. तालुक्याच्या गावी एका खोलीत राहायचो आणि घरमालकाला जात सांगितलेली नव्हती. त्यामुळे मटण चढलं की आई खिडकी लावायची, दाराखालच्या फटीत ओलं गोणपाट कोंबायची आणि आम्हा भावंडांना बजावायची, "कुनी इचारलं तर वांग्याची भाजी म्हनायचं."

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे सांगताना मी आवाज कमी करत नाही. आईने खुरपं सोडलं नाही म्हणून मी इंजिनिअर झाले. पण हॉस्टेलपासून पुण्यातल्या नोकरीपर्यंत, काय खातेस असं कुणी विचारलं की मी 'फक्त अंडं' म्हणत आले.

२००६च्या उन्हाळ्यात आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे नेदरलँड्समध्ये, फेल्डहोवनला आली; माझ्या नोकरीमुळे आम्ही तिथे राहायचो. शेजारी एक निवृत्त डच ट्रकड्रायव्हर आजोबा राहायचे. त्यांच्याकडे ईल, म्हणजे वाम मासे धुरावर शिजवायचं एक लोखंडी पिंप होतं. गुडघ्यांमुळे त्यांचं मासेमारीला जाणं सुटलं, तेव्हा ते पिंप त्यांनी कुंपणावरून आम्हाला दिलं. खाली बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचे निखारे, वर आडव्या सळईला हुकाने टांगलेलं मांस आणि तोंडावर ओलं गोणपाट, एवढंच ते यंत्र. खाटकाकडून मी मोठ्याच्या खांद्याचा अडीच किलोचा तुकडा सुतळीने बांधून आणला. आईने त्याला मीठ, हळद, मिरी, लसूण चोळलं.

आणि आम्ही दोघींनी काय केलं? गोणपाट घट्ट ताणलं, त्यावर फळी ठेवली, फळीवर दोन विटा. ठरवून नाही. हात आपोआप तसेच चालले. धुराची एक रेघसुद्धा बाहेर येत नव्हती, आणि आम्हाला ते छान वाटलं. चार तासांनी काढलं तर मांस काळं, चिकट आणि कडूजहर.

आजोबांनी बोट लावून चाटलं आणि थुंकले. म्हणाले, "धूर कोंडलात तुम्ही. कोंडलेला धूर मांसावर बसतो. गोणपाट सैल ठेवा, पातळ धूर सारखा बाहेर जाऊ दे."

"पण मग वास सगळ्यांकडे जाईल," मी म्हणाले.

"जाणारच. नाहीतर शेजारी बिअर घेऊन येणार कसे?"

मी आईला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "ह्या म्हाताऱ्याला घरमालक नसंल कधी."

पुन्हा करायला मात्र ती तयार होईना. कारण मला ठाऊक होतं. तिसऱ्या घरात माझ्या सहकाऱ्याची बायको राहायची, पुण्याची. रोज सकाळी ती आईला फिरायला न्यायची. एवढ्या मोठ्या देशात आईशी मराठीत बोलणारी, आमच्याशिवाय, ती एकटीच. "ती तुटली तर मी दिसभर भिंतीशी बोलू का?" आई म्हणाली.

तरी पुढच्या रविवारी मी पिंप पेटवलं. गोणपाट सैल ठेवलं. धूर निळसर, पातळ निघाला आणि कुंपणावरून सरळ तिसऱ्या घराकडे गेला. दुपारी ती मागच्या फाटकात हजर.

"काकू, काय करताय? मस्त वास सुटलाय."

आईने माझ्याकडे पाहिलं. ओठ न हलवता म्हणाली, "वांगं म्हन."

माझी जीभ खरंच वांग्याकडे वळली होती. पण मी म्हणाले, "बीफ आहे. आमच्याकडे लहानपणापासून खातात."

ती फाटकाला धरून उभी राहिली. आई पदराने हात पुसत राहिली, कोरडेच हात.

"मी नाही हं खात," ती शेवटी म्हणाली. "आमचे हे खातात कँटीनमध्ये. घरी येऊन चिकन होतं म्हणतात, मला काय कळत नाही होय? काकू, मला चहा तरी द्याल का? आणि उद्या फिरायला यायचंय, आत्ताच सांगते. एवढं खाऊन पाय जड झाले ही सबब चालणार नाही."

"जड व्हायला मी काय तुझा नवरा हाय?" आई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

आईने तिच्यासाठी वेगळ्या पातेल्यात चहा ठेवला. तिने मागितला नव्हता वेगळा. आम्ही तो तुकडा आडवा, पातळ कापला. आत गुलाबी, कडेला धुराची लाल रेघ. आजोबा खरंच बिअर घेऊन आले. आईने भाकरीबरोबर चार तुकडे खाल्ले, उन्हात, खुर्चीवर बसून. त्या दोघा शेजाऱ्यांचे मी आजही उपकार मानते. त्यांना त्यात काही विशेष केल्यासारखं वाटलं नव्हतं.

आई परत जाईपर्यंत रोज सकाळी तिच्याबरोबर फिरायला गेली. आमच्या घरी काय शिजतंय असं कुणी विचारलं, तर त्या रविवारपासून आम्ही खरं सांगतो. आईसुद्धा.