मायचा हात आणि दोन लेन्स

आमच्या घरातल्या एकाही फोटोत मायचं तोंड पूर्ण दिसत नाही. माझं लग्न, बहिणीचं लग्न, नातवाचा पहिला वाढदिवस, सगळीकडे तिचा उजवा हात तोंडावर आहे. लग्नाआधी एकदा पोत्याची सुतळी दातानं तोडायला गेली आणि समोरचा दात अर्धा तुटला. पाहुणे बघायला आले तेव्हा तिच्या आईनं तिला तोंडावर हात ठेवायला शिकवलं. पाहुण्यांना वाटलं, पोरगी लाजते आहे. त्यांनी लगेच पसंत केली. बाबांना दात कळला तो लग्न लागल्यावर, आणि मग जन्मभर ते 'मले अर्ध्या दातात फसवलं' म्हणून तिला चिडवत राहिले.

घरचेच असलो की मात्र हात खाली असतो. तिचं हसू मला पाठ आहे. आधी डोळे मिटतात, मग तो अर्धा दात दिसतो आणि आवाज सगळ्यात शेवटी येतो. पण समोर कॅमेरा आला, मोबाइल आला, की हात वर.

गेल्या वर्षी वाशिमच्या दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं की उरलेले सगळे दात काढून कवळी बसवायची. सोमवार ठरला. माय खूश झाली, कारण तिला पुन्हा पेरू खाता येणार होता. मी मात्र हबकलो. तो अर्धा दात जाणार, आणि त्याचा एकही फोटो नाही.

माझ्याकडे जुना रोलचा कॅमेरा आहे. शाळेत शिकवून घरी आलो की मी त्याच्याशी खेळत बसतो. त्याच्या नेहमीच्या लेन्सनं चेहरा भरून घ्यायचा तर फार जवळ जावं लागतं. जवळ गेलं की नाक मोठं दिसतं, आणि मायचा हात तर आधीच वर गेलेला असतो. म्हणून चेहऱ्यासाठी वेगळी जुनी लेन्स घ्यायची असं मी ठरवलं. बायको म्हणाली, "एवढ्या काचा जमवल्या, आता डोळ्याचा दवाखानाच टाका."

शेलूबाजारला हायवेच्या कडेला एका चाचांचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान आहे. पूर्वी तिथे त्यांचा स्टुडिओ होता. माझ्या कॅमेऱ्याच्या आट्यात बसतील अशा दोन लेन्स त्यांनी कापडात गुंडाळून ठेवल्या होत्या. एक लांबुळकी, एकशे पस्तीस मिलिमीटरची, लांबून फोटो काढायची. दुसरी पंच्याऐंशीची, जवळून चेहरा काढायची, आखूड आणि वजनदार, काचेत बारीक बुडबुडा असलेली. मी घरूनच ठरवून आलो होतो: लांबून काढायचा, मायला कळूच द्यायचं नाही. मी लांबुळकी उचलली.

"कोणाचा फोटो काढाचा हाये?" चाचांनी विचारलं.

"मायचा."

"मंग मायले आना. चप्पल घ्याले पाय घरी ठिवून येता का तुमी?"

ही त्यांची जुनी पद्धत. ज्याचा चेहरा त्याला समोर बसवल्याशिवाय लेन्स विकायची नाही. मला राग आला, पण लेन्स दुसरीकडे कुठे मिळणार होती? रविवारी मी मायला इंझोरीहून, आमच्या गावाहून, वाशिमला दवाखान्यासाठी आणताना शेलूबाजारला जीप सोडली आणि तिला दुकानामागच्या लिंबाखाली बाजेवर बसवलं. तिला सांगितलं, लेन्स पाहायची आहे, पाच मिनिटं.

मी पंधरा पावलं मागे गेलो, लांबुळकी लावली आणि डोळ्याला कॅमेरा लावून फोकस जमवू लागलो. मायला लांबचं नीट दिसत नाही. मी दोन्ही हात तोंडाशी नेलेत, म्हणजे तिला बोलावतोय, असं तिला वाटलं. आमच्या गावात लांबून बोलावलं तर बसल्या जागेवरून ओरडत नाहीत, उठून जवळ जातात. माय उठली आणि चालत आली. पाच फुटांच्या आत आली तशी कॅमेऱ्यात सगळी धुरकट झाली.

"काय म्हून राह्यला रे?"

"काही नाही. तू बस तिथं."

ती गेली, बसली. मी कॅमेरा उचलला. ती पुन्हा आली. तिसऱ्यांदा येताना पाण्याची बाटली घेऊन आली. चाचा दारात उभे राहून पोट धरून हसत होते. रोलवरचे चार फोटो वाया गेले. त्यात माय चालत येताना आहे, आणि एकात नुसती बाटली आहे.

चिडून मी लांबुळकी काढली आणि पंच्याऐंशीची बसवली. आता मी तिच्यासमोर तीन फुटांवर, स्टुलावर. तिच्या लक्षात आलं. हात वर गेला. मी हरलो होतो. काढलेली लेन्स अजून माझ्या मांडीवरच होती, घसरायला लागली, आणि बाजेवर ठेवली तर गडगडली असती. मी ती मायकडे दिली. "दोन्ही हातानं धर, पडली त फुटन."

तिनं ती ओंजळीत धरली आणि जीव मुठीत घेऊन बसली. मी कामाला लागलो. ही लेन्स मोठी कटकटीची. आधी तिचं छिद्र पूर्ण उघडायचं, पापणीवर फोकस करायचा, मग दुसरी कडी फिरवून छिद्र बारीक करायचं, तेव्हा कुठे बटण. कडी फिरवताना मी जरा पुढे झुकलो, फोकस गेला. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा झुकलो.

माय म्हणाली, "कितीक फिरवतं बापू? डाक्टरच्या आधी इथंच माहे दात गळून पडतीन."

स्वतःच्याच बोलण्यावर तिला हसू आलं. डोळे मिटले. हात उठायला निघाले, पण त्यात लेन्स होती. मी बटण दाबलं.

मला एकदम रडूच आलं, आणि ते लपवायला मी उगाच रोल गुंडाळत बसलो. चाचा माझ्याकडे पाहून म्हणाले, "दोन्ही घिऊन जा. एक कॅमेऱ्याले, एक मायच्या हाताले." मी दोन्ही घेतल्या.

सोमवारी दात गेले. रोल चाचांनी स्वतः धुतला. फोटो हातात आला तोवर मायची कवळी बसली होती आणि पेरूही खाऊन झाला होता. फोटो द्यायला मी जरा घाबरलोच. जन्मभर तिनं जे झाकलं ते मी चव्हाट्यावर आणलं होतं.

तिनं फोटो डोळ्यांजवळ नेला. अर्ध्या दातावर बोट ठेवलं. "ह्याच्यापायी तुह्या बापानं मले लय चिडवलं," म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. उजवा हात सवयीनं हनुवटीपर्यंत आला. तिथे थांबला, परत खाली गेला, आणि तिनं फोटो दोन्ही हातांनी धरला.