कामाची साडी नेसून ये

"तुझ्या आईला सांग, ही साडी नको. कामाची साडी नेसून ये म्हणावं."

आई माझ्या शेजारीच उभी होती. मिशनच्या समितीच्या सेक्रेटरीबाई बोलत होत्या ती मराठीच होती, आईला सगळं ऐकू येत होतं. तरी तिच्याशी सरळ बोलायचं नाही. मला सांगायचं, मग मी आईला सांगायचं. आणि वर 'ये'. आईपेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान असेल ती बाई.

मानखुर्दला आमच्या खोलीच्या दारातली ही गोष्ट. आईने पांढरी साडी नेसली होती. आम्हा ख्रिस्ती लोकांत बायका रविवारी उपासनेला पांढरी नेसतात. समोरच्या मालवणी काकी दर रविवारी चिडवायच्या, "काय गो, आज कोण गेलो?" आई म्हणायची, अजून कुणी नाही, तुझीच वाट बघतेय. मग दोघी हसायच्या. त्या साडीला आई कांजी करायची, तांब्यात निखारे घालून इस्त्री फिरवायची. फोटो काढायला पाहुणे येणार म्हणून वार शनिवार असूनही तिने ती काढली होती.

आई आत गेली. पडद्यामागे साडी बदलून आली. हिरवी, विटकी, पदराला डांबराचा डाग. आई पालिकेच्या झाडूखात्यात होती.

"चप्पल काढायला सांग. आणि झाडू?"

आईने घरातली केरसुणी आणली. बाई म्हणाल्या, ही नव्हे, तो रस्त्यावरचा मोठा. मी म्हटलं, खराटा झाडूखात्याच्या चौकीवर असतो. मग आणायला सांग ना, त्या म्हणाल्या. आई गेली. सुट्टीच्या दिवशी, अनवाणी, चौकीवर जाऊन खराटा घेऊन आली. धापा टाकत उभी राहिली. आणि हसली, कारण फोटोत हसायचं असतं असं तिला वाटलं. तर बाई म्हणाल्या, हसायला नको सांग.

मी सांगितलं.

मी गप्प का राहिले, तर मला इंग्लंडला जायचं होतं. तिथल्या एका गावात तरुण मुलामुलींमध्ये वर्षभर सेवा करायला. मिशनरी म्हणून. आजवर गोरे इकडे येत होते, आता आमच्यातली एक तिकडे जाणार होती. मानखुर्दच्या झाडूवालीची पोरगी! पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आला तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली होती. शेजारच्या शीलाच्या आईने माझ्यासाठी लोकर आणून स्वेटर विणायला घेतला. आमच्या गल्लीत अर्ध्या घरांत ख्रिस्ताची तसबीर आणि अर्ध्या घरांत बुद्धाची. भांडणं काय ती नळावर. पण मी विमानात बसणार हे दोन्ही बाजूंना आपलंच वाटत होतं. आईने तर चौकीवर, बाजारात, कुणी विचारो न विचारो, सगळ्यांना सांगून झालं होतं.

मला निवडलं जोनताईने. ती तिकडचीच. आमच्या तरुण संघासाठी तीन वर्षं आली होती. मी सुरुवातीपासून तिच्याबरोबर. ती इंग्रजीत बोलायची, मी मराठीत सांगायचे. पुढे तीही मराठी शिकली. आमच्याबरोबर जमिनीवर बसून बोंबलाचं कालवण खायची, नाक गळायचं तरी खायची. पोरांना दहावीला बसवलं तिने, पोरींच्या घरी जाऊन बापांशी भांडली. मला ती आवडायची. नुसती आवडायची नाही, जीव होता माझा तिच्यावर. हे मी आधीच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, गोऱ्या बाईवर राग काढतेय.

त्या फोटोच्या दिवशी कॅमेरा जोनताईच्याच हातात होता. आई चौकीवर धावली तेव्हा ती खाली बघून भिंग पुसत होती.

मला पाठवणारी समिती मुलुंडला बसायची. सेक्रेटरीबाईंचं घराणं तिथलंच, तीन पिढ्या शिकलेलं. त्यांचे पणजोबा ब्राह्मण होते आणि मग ख्रिस्ती झाले. ओळख झाली की पाचव्या मिनिटाला हे कळायचंच. ख्रिस्ती होऊन किती वर्षं झाली, पण जात काही बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडाली नव्हती. त्यांचीही नाही, आमचीही नाही. सरकारी कचेरीत गेलं की म्हणायचे, तुम्ही ख्रिस्ती, तुम्हाला सवलत नाही. मुलुंडला गेलं की कळायचं की आम्ही तेच जुने. म्हणजे दोन्हीकडून मार.

मग साक्षीची तालीम सुरू झाली. आमच्याकडे साक्ष द्यायची रीत आहे. मंडळीसमोर, म्हणजे चर्चला जमलेल्या सगळ्यांसमोर, उभं राहायचं आणि सांगायचं, मी आधी कशी होते, देवाने मला कसं बदललं. खरी साक्ष मी ऐकलेली आहे. ऐकताना अंगावर काटा येतो. तिकडे गेल्यावर मला गावोगावच्या तरुणांपुढे साक्ष द्यायची होती. मी तयारीही केली होती. संघात आम्ही काय करतो, भांडणं कशी मिटवतो, बौद्ध घरातली पोरं आमच्या पोरांबरोबर एकाच कंदिलाखाली अभ्यास कशी करतात, हे मी सांगणार होते. मुलुंडला सेक्रेटरीबाईंच्या हॉलमध्ये उभं राहून मी सगळं म्हणून दाखवलं. जोनताई समोर बसली होती.

सेक्रेटरीबाई म्हणाल्या, हे ठीक आहे गं, पण यात दुःख कुठाय? तुझे वडील प्यायचे, तिथून सुरू कर.

मी म्हटलं, माझे वडील पीत नव्हते.

"अगं, थोडं असं सांगावं लागतं. त्याशिवाय त्यांना कळत नाही आपण कुठून आलो."

आपण म्हणे! मी जोनताईकडे बघितलं. ती उठली, माझा हात हातात घेतला, आणि अगदी मायेने, तिच्या त्या मराठीत म्हणाली, "तुझं दुःख हीच देवाने तुला दिलेली देणगी आहे. ती लपवू नको."

माझा बाप जाऊन चार वर्षं झाली होती. चेंबूरला एका कारखान्याच्या फाटकावर पहारा करायचा. छातीत कळ आली त्याच्या आणि गेला. दारूचा थेंब नाही. आमच्या मंडळीत पेटी वाजवायचा. पेटीच्या सुरावर हयात गेली त्या माणसाची, आणि त्याच्या पोरीने परदेशात उभं राहून त्याला दारुडा म्हणायचं. सेवेसाठी.

आमच्या गल्लीत दारुडे नव्हते का? होते की. मुलुंडलाही होते. ते फक्त आत बसून प्यायचे.

मी शीलाला सांगितलं. शीला तोंडाची फटकळ. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू तिकडे सेवा करायला चाललीस, का स्वतःला दाखवायला?" मला तिचा इतका राग आला की दोन दिवस बोलले नाही. म्हटलं, हिला, बौद्धाच्या पोरीला, काय कळतंय आमच्यातलं. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. भांडी घासतानाही तेच.

निरोपाची उपासना मुलुंडच्या मोठ्या चर्चमध्ये होती. आधी पडद्यावर आईचा तो फोटो दाखवायचा, मग आईलाच समोर आणून उभं करायचं, मग माझी साक्ष. आई प्रत्यक्ष दिसली की लोकांना भिडतं, असं सेक्रेटरीबाईंचं म्हणणं. हे त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. आईला सांगितलं होतं, आमच्या चर्चच्या पाळकांकडून निरोप पाठवून.

मी दाराशी उभी होते. संघातली पोरं आत जाऊन मागच्या बाकांवर बसली होती. आई आली. कांजीची पांढरी साडी, केस चापून बसवलेले. हातात कापडी पिशवी. मी विचारलं, पिशवीत काय?

तिने उघडून दाखवली. हिरवी साडी. धुतलेली, नीट घडी घातलेली. मुलुंडला न्यायची म्हणून कामाची साडीही तिने धुऊन आणली होती.

"मागच्या खोलीत बदलते पटकन," आई म्हणाली. "तुझं जाणं अडायला नको."

तिथे माझं काहीतरी तुटलं. त्या हिरव्या साडीची मला लाज नव्हती. ती नेसून आई माझ्या शाळेत आली होती, मास्तरांशी बोलली होती, तेव्हा मी तिचं बोट धरून उभी होते. लाज याची वाटली की माझ्या आईने कुठे काय नेसायचं हे दुसरं कुणीतरी ठरवतंय, आणि ती पिशवी भरून तयार आहे. माझ्यासाठी.

मी पिशवी घेतली तिच्याकडून. तिला हाताला धरून पुढे नेलं, पहिल्या बाकावर. तिथे समितीची माणसं बसायची. आई म्हणत होती, अगं इथे नको, इथे नको. मी म्हटलं, बस.

पडद्यावर फोटो आला. खराटा, अनवाणी पाय, न हसलेलं तोंड. सेक्रेटरीबाई आईला शोधत मागच्या खोलीकडे गेल्या. पाळकांनी माझं नाव घेतलं. मी पिशवी घेऊनच वर गेले.

मी म्हणाले, "माझ्या बापाने दारूला कधी हात लावला नाही. तो आमच्या मंडळीत पेटी वाजवायचा. माझी आई रस्ते झाडते, आणि उपासनेला पांढरी साडी नेसून येते. ती ही समोर बसलीय. एवढीच माझी साक्ष. आणि मी जात नाही."

कुणी आमेन म्हटलं नाही. मागच्या बाकांवरची आमची पोरं तेवढी उठून उभी राहिली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

बाहेर सेक्रेटरीबाई खूप बोलल्या. वर चढवलं की हेच होतं, हे लोक कधी सुधारायचे नाहीत, वगैरे. त्याचं मला काही वाटलं नाही. खरं तर बरंच वाटलं, पोटातलं ओठावर आलं एकदाचं. लागलं ते जोनताईचं. ती रडत होती. म्हणाली, मला कळलंच नाही, मला वाटलं मी तुला मदत करतेय. खरंही असेल. मी तिला एवढंच म्हणाले, "तीन वर्षं आमच्यात जेवलात, ताई."

घरी आल्यावर आईने पांढरी साडी सोडली, घडी केली, आणि मग म्हणाली, "शहाणी! एक साडी बदलली असती तर मी मेले नसते."

आठवडाभर ती माझ्याशी धड बोलली नाही. चौकीवर तिला विचारायचे, काय, गेली का पोरगी? तिला मान खाली घालावी लागली ती माझ्यामुळे, हे मला माहीत आहे. आणि तिचं चुकतही नव्हतं. ती मेली नसती. जन्मभर कुणी ना कुणी तिला साडी बदलायला लावली, आणि ती मेली नाही. म्हणून तर त्यांचं फावलं.

माझ्या जागी सेक्रेटरीबाईंची पुतणी गेली. तिला कुणी बापाचं विचारलं नसेल. आईचा फोटो मात्र तिच्याबरोबर गेला. मी मागितला तर म्हणाले, तो आता समितीचा आहे. आजही तिकडे कुठल्यातरी भिंतीवर लागत असेल, आणि कुणी पोरगं तो बघून हळहळत असेल. तो मी परत आणू शकत नाही.

संघाला चर्चचा हॉल मिळायचा बंद झाला. आम्ही शीलाच्या ओट्यावर बसायला लागलो. मी तिथे सेवा करते. हो, सेवाच म्हणते मी, तो शब्द मी त्यांना देऊन टाकलेला नाही. येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्या दिवशी एक सांगते. इथे कुणी चार लोकांसमोर उभं राहून आपल्या बापाला दारुडा म्हणायचं नाही, खरा दारुडा असला तरी. म्हणायचंच असेल तर घरी जा आणि त्याच्या तोंडावर म्हणा. मी येते बरोबर.

पुढच्या वर्षी पुन्हा एक पाहुणा आला गल्लीत, गळ्यात कॅमेरा, सोबत मुलुंडची दोन माणसं. मला म्हणाले, आईला जरा बाहेर बोलव. मी दारातून हलले नाही. म्हटलं, ती आत आहे. तुम्हीच विचारा तिला. माझ्यामार्फत नाही. हो म्हणाली तर काढा फोटो, नको म्हणाली तर चालते व्हा. आणि काढलाच, तर आता ती जी साडी नेसलीय, त्याच साडीत.