नावं ठेवायच्या लायकीची शिकार

कलहारीच्या वाळूत मोठी शिकार साधली, की शिकारी गपचूप येऊन शेकोटीशी बसतो. कुणी विचारलंच तर म्हणतो, कुठलं काय, बारकंसं काहीतरी दिसलं होतं. मग सगळे ओळखतात, गड्यानं दांडगं जनावर पाडलंय. मांस आणायला गेले की नावं ठेवायला सुरुवात. एक म्हणतो किरकोळ, दुसरा म्हणतो चिपाड, तिसरा नाक मुरडून म्हणतो, यापेक्षा सावलीत पडून राहिलो असतो तर बरं. शिकाऱ्याच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून ही सोय. हरभऱ्याच्या झाडावर इथं कुणाला चढवत नाहीत, आणि बरंच करतात.

काशेनं उभा जन्म अशी बोलणी खाल्ली. चौघांना न पेलणारा कुडू, पिळदार शिंगांचं थोरलं हरीण, आणला तेव्हा त्याला म्हणाले होते, या हाडकासाठी पाय मोडले होय आमचे! ती बोलणी ऐकत तो तरंगत घरी यायचा.

आता म्हातारपणी डोळ्यांवर मोतीबिंदूचा पडदा आला होता. दुपारभर तो झाडाखाली पडून असायचा आणि समोरून हरणं जायची, पाण्यातून चालल्यासारखी, बिनआवाजाची. खरी कुठली, आठवणीतली कुठली, त्यालाच कळत नसे. एकदा त्यातलं एक थबकलं. काशेनं बाण सोडला. मग बोटांनी माग चाचपत तो वाळूतून रांगत गेला. दिवस कलताना हाताला ऊन ऊन कातडं लागलं. खरंच हरीण होतं, ठेंगणंसं.

तो शेकोटीशी येऊन बसला. बारकंसं काहीतरी, म्हणाला. पोरं जाऊन हरीण घेऊन आली. काशे कान टवकारून वाट बघत राहिला.

देबे हा वस्तीतला सध्याचा पक्का शिकारी. तो मायेनं म्हणाला, "छान आहे हो काका. या वयात कमाल केलीत." बाकीच्यांनीही माना डोलावल्या.

पोरांनी सरडा मारून आणला की असं बोलतात. वस्तीनं काशेला शिकाऱ्यांतून काढून टाकलं होतं, आणि तेही प्रेमानं. त्याला रडूच यायला लागलं.

त्याची बायको सागाई पलीकडून उठली. तिनं पायाच्या अंगठ्यानं हरीण डिवचून पाहिलं.

"हे हरीण म्हणायचं का काटकी, म्हाताऱ्या? रश्शात बोट बुडवलं तर बोटालाच जास्त चव लागेल."

"काकू, असू द्या की," देबे पुटपुटला.

"का असू द्या? परवा तुझ्या कुडूला मी सोडलं होतं का?"

देबेनं काशेच्या चेहऱ्याकडे बघितलं तेव्हा त्याला आपली चूक कळली. मग घसा खाकरून म्हणाला, "खरंय. पोरांनी आणलं तेव्हा वाटलं, आत जनावर राहिलंय की नुसतं कातडंच आलंय?"

लगेच पलीकडून कुणीतरी हरणाच्या पायांना नावं ठेवली, कुणी पोटाला. काशेचे डोळे वाहायला लागले.

"पुढच्या खेपेला जरा मांस असलेलं आण," सागाई म्हणाली.

"बघतो," काशे म्हणाला, आणि मान खाली घालून गालातल्या गालात हसत राहिला.